न्यू यॉर्कमध्ये कंट्री रेडिओ स्टेशन टिकत का नाही?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, म्हणून तो माझ्यापर्यंत कसा आला ते आधी सांगते.

२००९ साली लग्न होऊन मी टेक्सासात, फोर्ट वर्थला आले. नवरा दिवसभर कामावर, मी घरात. सहा महिन्यांनी गाडी शिकले. जुनी गाडी घेतली होती आणि तिच्या रेडिओवर आधीच्या मालकाने ९६.३ लावून ठेवलं होतं. मी ते बदललंच नाही. हे कंट्रीचं, म्हणजे अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गाण्यांचं स्टेशन आहे हेसुद्धा मला महिनाभराने कळलं. निम्मे शब्द डोक्यावरून जायचे, पण कशाबद्दल चाललंय ते बरोबर समजायचं. पाऊस लांबलाय, ट्रॅक्टरचा हप्ता थकलाय, बाप म्हातारा झालाय, पोरगं शहरात गेलंय ते परत येत नाही.

माझे वडील तासगावला द्राक्षबाग करायचे. पहाटे आकाशवाणी सांगली लावून अंगणात बसायचे. हवामान आणि बाजारभाव ऐकल्याशिवाय बागेकडे पाय वळायचा नाही. त्या परक्या गाडीत बसून मला रोज ते अंगण आठवायचं. इंग्रजी बोलायची माझी भीतीही त्या गाण्यांनीच घालवली. कंट्री गाणारा माणूस शब्द गिळत नाही, गोष्ट सांगितल्यासारखा गातो. एकेक ओळ मी सिग्नलला थांबले की मोठ्याने म्हणायची.

२०१७ मध्ये आम्ही न्यू जर्सीत एडिसनला आलो. इथे ९४.७ होतं. टर्नपाइकवर सकाळी पन्नास मिनिटं आणि संध्याकाळी सव्वा तास, एवढी माझी आणि त्या स्टेशनची सोबत. ऑक्टोबर २०२१ मध्ये एके दिवशी गाडी सुरू केली तर जुनं हिप-हॉप लागलं. मला वाटलं बटण चुकून दाबलं गेलं. आकडा बघितला, ९४.७ च होता. रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन पाच मिनिटं नुसती बसले. त्या वर्षी वडील गेले होते आणि मला जाता आलं नव्हतं. त्यामुळे असेल, पण ते फार लागलं.

तेव्हापासूनचा प्रश्न: डॅलस-फोर्ट वर्थला ९६.३ आणि ९९.५ अशी दोन मोठी कंट्री स्टेशनं शेजारी शेजारी चालतात. न्यू यॉर्कच्या पट्ट्यात दीड कोटीहून जास्त माणसं, आणि इथे एकसुद्धा टिकू नये? लोकांना आवडत नाही म्हणावं तर १९९७ मध्ये गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकासाठी सेंट्रल पार्क माणसांनी भरून वाहिलं होतं. मग अडतं कुठे? आणि बाकीच्या मोठ्या शहरांत काय होतं?

दादर_टीटी

ताई, प्रश्न आवडला, पण एक विचारू? आता सगळी गाणी फोनवर मिळतात. फोन गाडीला जोडला की हवं ते कंट्री. स्टेशन बंद पडलं म्हणून नेमकं काय अडलं?

कृष्णाकाठची

दादा, गाणी मिळतातच. पण फोनवर मी एकटी ऐकते. स्टेशनवर पुढचा ट्रकवालाही तेच ऐकत असेल असं वाटायचं. हिमवादळ आलं की निवेदक सांगायचा कुठला रस्ता बंद आहे, आणि लगेच पुढचं गाणं. शिवाय नवीन गायक माझ्यापर्यंत आणणारं कुणीतरी होतं. फोनला मी जे सांगते तेच तो परत मला ऐकवतो.

आकडे_आणि_मोजमाप

मी शिकागोत जाहिरातींसाठी रेडिओची वेळ विकत घेणाऱ्या एजन्सीत अकरा वर्षं काढली. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

तुमच्या प्रश्नात "लोकांना आवडतं की नाही" हे गृहीत आहे. स्टेशनचा मालक ते विचारत नाही. तो विचारतो, या फ्रिक्वेन्सीवर दुसरं काही लावलं तर जास्त मिळेल का? दोन प्रश्न वेगळे आहेत आणि मोठ्या शहरात दुसराच भारी पडतो.

उदाहरण म्हणून समजा, दहा लाख वस्तीच्या गावात एका कंट्री स्टेशनला ऐकणाऱ्यांतला दहा टक्के वाटा मिळतो. ते त्या गावात राजासारखं चालतं. न्यू यॉर्कमध्ये तेच स्टेशन दोन टक्क्यांवर असलं तरी त्याचे श्रोते त्या गावच्या तिप्पट भरतील. म्हणूनच न्यू यॉर्क किंवा लॉस एंजेलिसचं कंट्री स्टेशन आपल्या शहरात यादीच्या तळाशी आणि त्याच वेळी देशातल्या सगळ्या कंट्री स्टेशनांत श्रोत्यांच्या संख्येने वर, असं झालेलं आहे. कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपन्यांना ते स्टेशन जिवापाड हवं असतं, कारण तिथे गाणं वाजलं की लाखो कानांवर जातं. पण मालकाच्या हातात न्यू यॉर्कची एफएम फ्रिक्वेन्सी आहे, आणि ती देशातल्या सगळ्यात महाग जागांपैकी एक. दादर स्टेशनसमोरच्या गाळ्यात फक्त सुतळी विकावी तसं होतं. सुतळी खपते, गिऱ्हाईकही ठरलेलं, पण शेजारचा मोबाइलवाला गाळ्याला चौपट भाडं द्यायला तयार असतो.

दुसरी गोष्ट वस्तीची. न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये लॅटिनो, कृष्णवर्णीय, कॅरिबियन, आशियाई लोक फार मोठ्या संख्येने. कंट्रीचा ठरलेला श्रोता गोरा, उपनगरातला, बहुतेक मूळ दक्षिणेकडचा. ही विभागणी आभाळातून पडलेली नाही. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनीच दक्षिणेतल्या संगीताच्या दोन वेगळ्या याद्या केल्या, गोऱ्यांसाठी "हिलबिली" आणि काळ्यांसाठी "रेस रेकॉर्ड". बँजो आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी आणला, तरी ते तंतुवाद्य पुढे गोऱ्यांच्याच यादीत गेलं. शंभर वर्षांपूर्वी आखलेली ती रेघ आजच्या जाहिरातीच्या तक्त्यात मला रोज दिसायची. एजन्सी २५ ते ५४ वयाचे श्रोते मोजते, त्यातही कुठल्या समाजाचे किती ते बघते. न्यू यॉर्कमध्ये त्या चाळणीतून कंट्रीचा आकडा बारीक होऊन निघतो.

तिसरी गोष्ट मालकीची. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने देशभरात एका कंपनीने किती स्टेशनं ठेवावीत यावरची मर्यादा काढली आणि सर्वांत मोठ्या शहरांत एका कंपनीला आठपर्यंत स्टेशनं ठेवता येऊ लागली. मग स्टेशन स्वतःच्या पायावर उभं आहे का हे बघण्यापेक्षा आठांच्या कळपात ते कुठली फट बुजवतं हे बघितलं जातं. कधी यातून कंट्रीचा फायदा होतो, कारण आपल्याच दुसऱ्या स्टेशनचे श्रोते ते खात नाही. कधी तेच पहिलं कापलं जातं.

मोजण्याची पद्धतही बदलली. आधी लोक आठवडाभर काय ऐकलं ते वहीत लिहून पाठवायचे. कंट्रीचा श्रोता निष्ठावान, तो दिवसभर एकच नाव लिहायचा. २००७ मध्ये ह्यूस्टन आणि फिलाडेल्फियापासून कमरेला लावायचं छोटं यंत्र आलं. स्टेशनच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी खूण मिसळलेली असते, ती यंत्र पकडतं. त्यात नाव आठवण्याचा प्रश्नच नाही. कानावर काय पडलं तेवढंच मोजलं जातं.

आता शिकागोचं सांगतो, कारण सगळी मोठी शहरं सारखी नाहीत. इथे ९९.५ वर यूएस-९९ चाळीसहून जास्त वर्षं कंट्री वाजवतंय. मुळात कंट्री रेडिओचा जन्मच एका अर्थी या शहरात झाला. १९ एप्रिल १९२४ ला डब्ल्यूएलएस स्टेशनवर "नॅशनल बार्न डान्स" हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. नॅशव्हिलचा तसाच कार्यक्रम "ग्रँड ओल ऑप्री" त्यानंतर दीड वर्षाने, नोव्हेंबर १९२५ मध्ये. डब्ल्यूएलएस म्हणजे "जगातलं सर्वांत मोठं दुकान" या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं, कारण ते सिअर्स या दुकानाने काढलं होतं. शेतकरी हे त्यांचं गिऱ्हाईक. १९२८ मध्ये त्यांनी ते "प्रेअरी फार्मर" या शेतकी नियतकालिकाला विकलं. कृष्णाकाठची, तुमच्या वडिलांचं ऐकताना मला हेच आठवलं: दिवसा हवामान आणि धान्याचे भाव, शनिवारी रात्री फिडल आणि गाणी. जीन ऑट्री सिनेमात जाण्याआधी इथूनच गायचा.

आणि शेवट कसा झाला? १९६० मध्ये स्टेशन रॉक-अँड-रोलकडे वळलं आणि बार्न डान्स बाहेर पडला. श्रोते संपले नव्हते. जाहिरातदाराला तरुण पोरं हवी होती. २०२१ मध्ये तुमच्या ९४.७ चं जे झालं त्याची ही पहिली आवृत्ती म्हणता येईल.

मग शिकागोत कंट्री परत उगवलं कसं? महायुद्धानंतर केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनियातून हजारो कुटुंबं कारखान्यांत कामाला इथे आली. अपटाउन भाग त्यांनी भरला होता. डेट्रॉइटचंही तेच, मोटारींच्या कारखान्यांमुळे. गिरणगावात कोकणातले चाकरमानी आले आणि खोल्यांत भजनी मंडळं उभी राहिली, तशी ही माणसं आपलं संगीत घेऊन आली. त्यांची नातवंडं आज उपनगरांत राहतात आणि यूएस-९९ ऐकतात. न्यू यॉर्कला असा लोंढा कधी आलाच नाही. तिथे आले ते बरेचसे समुद्रापलीकडून.

जॅक्सन_हाइट्स_७४

मुली, तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी १९७४ पासून क्वीन्समध्ये आहे. न्यू यॉर्कला कंट्री स्टेशन होतं, आणि कसलं होतं!

एएमवर १०५०, डब्ल्यूएचएन. १९७३ मध्ये ते कंट्रीकडे वळलं. मी आलो तेव्हा एका छापखान्यात रात्रपाळी करायचो. फोरमन आयरिश, यंत्रावर दोघे पोर्तो रिकोचे, एक पोलिश आणि मी पुण्याचा. रेडिओ एकच, आणि त्यावर डब्ल्यूएचएन. कुणी हरकत घेतली नाही. चार्ली प्राइड हा कृष्णवर्णीय कंट्री गायक लागला की पोर्तो रिकोवाला आवाज वाढवायचा. आकडेवाले साहेब जे समाजाच्या चाळणीबद्दल लिहितात ते खरं असेल, पण आमच्या छापखान्यात ती चाळणी नव्हती हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पुढे जॉन ट्रावोल्टाचा तो काउबॉयचा सिनेमा १९८० मध्ये आला आणि मॅनहॅटनमध्येसुद्धा लोक उंच टाचांचे बूट घालून फिरायला लागले. फिफ्थ अव्हेन्यू आणि १३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर लोन स्टार कॅफे होता, छतावर भला मोठा इग्वाना बसवलेला. आत जायची ऐपत नव्हती, पण बाहेर उभं राहिलं की गाणं ऐकू यायचं. मी आणि माझी बायको, तेव्हा नुकतीच आलेली, थंडीत तिथे उभे राहिलो आहोत.

मग लाट ओसरली. शिवाय गाणी ऐकणारे लोक एएम सोडून एफएमकडे जात होते, आवाज स्वच्छ म्हणून. १९८६ मध्ये मेट्स हा इथला बेसबॉल संघ वर्ल्ड सिरीज जिंकला, त्या मोसमाचे सामने मी १०५० वरच ऐकले, आणि मालकाला त्यातच पुढचा धंदा दिसला असावा. १ जुलै १९८७ ला दुपारी तीन वाजता डब्ल्यूएचएन संपलं आणि त्याच जागी डब्ल्यूएफएएन आलं, चोवीस तास फक्त खेळ. शेवटचं गाणं रे प्राइसचं लावलं होतं. मी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर रेडिओला चिकटवून शेवटचा तास कॅसेटवर घेतला.

त्यानंतर पूर्ण अंधार झाला असं नाही. त्याच उन्हाळ्यात डब्ल्यूवायएनवाय एफएमवर कंट्री घेऊन आलं, आधी ९७.१ वर आणि पुढच्या वर्षी १०३.५ वर. ते जवळजवळ नऊ वर्षं चाललं. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथे डब्ल्यूकेटीयू हे नाचगाण्यांचं स्टेशन आलं आणि थोड्याच काळात शहरात पहिल्या क्रमांकावर गेलं. त्या आकड्यांनी मालक लोकांना जो धडा दिला तो बरीच वर्षं पुरला. तू गार्थ ब्रुक्सचं लिहिलंस ना? ऑगस्ट १९९७. त्या रात्री मी सेंट्रल पार्कात होतो. एवढी माणसं, आणि शहराला स्वतःचं असं पूर्ण ताकदीचं एकही कंट्री स्टेशन नव्हतं! ते थेट जानेवारी २०१३ मध्ये आलं, नेवार्कचा परवाना असलेल्या ९४.७ वर. म्हणजे मध्ये सतरा वर्षं गेली. तुला चारच वर्षं मिळाली, पण ती मिळाली त्या आधी आम्ही सतरा वर्षं वाट बघितली होती.

सॅन_गॅब्रिएलकर

लॉस एंजेलिसची हकीकत जोडतो, कारण इथे शेवट वेगळा झाला.

इथे ९३.९ वर केझेडएलए १९८० पासून कंट्री वाजवत होतं. ऑगस्ट २००६ मध्ये ऐन सकाळी कार्यक्रम सुरू असताना ते बदललं. मी २१० फ्रीवेवर होतो. कीथ अर्बनचं एक रडवेलं गाणं संपलं आणि पाठोपाठ ब्लॅक आइड पीजचं हिप-हॉप लागलं. शहरात कंट्रीची एफएम वाहिनी उरली नाही. आणि हे कॅलिफोर्नियात, जिथे बेकर्सफील्डमध्ये बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड या कंट्री गायकांनी नॅशव्हिलला टक्कर देणारा स्वतःचा बाज उभा केला. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमातून इकडे फेकलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी.

पुढचा भाग महत्त्वाचा. सॉल लेविन नावाच्या एका स्वतंत्र मालकाचं १०५.१ होतं, १९५९ पासून त्यांच्याच हातात. त्या वेळी त्यावर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लागायचं. त्यांनी बघितलं की एवढ्या शहरात कंट्रीला कुणीच उरलं नाही, आणि फेब्रुवारी २००७ मध्ये ते "गो कंट्री १०५" केलं. म्हणजे मोठ्या कंपनीने जी जागा सोडली ती एका माणसाने उचलली. योगायोग असा की त्याच वर्षी इंडिओत स्टेजकोच हा कंट्रीचा महोत्सव सुरू झाला.

आणि ९३.९ वर जे नवीन आणलं ते तीन वर्षंही टिकलं नाही. २००९ मध्ये ती फ्रिक्वेन्सी एका मेक्सिकन कंपनीला चालवायला दिली आणि तिथे स्पॅनिश सुरू झालं. आकडे_आणि_मोजमाप, तुमचा सुतळीचा गाळा पटला, पण मोबाइलवालाही दरवेळी टिकतोच असं नाही. न्यू यॉर्कला केटीयू चाललं, इथे नाही चाललं.

माझं मत: गणित तुम्ही सांगता तसंच आहे, पण ते करणारा कोण हे बघायला हवं. ज्याला दर तीन महिन्यांनी भागधारकांना आकडे दाखवायचे आहेत त्याला दोन टक्के टोचतात. ज्याचं घर त्या एका टॉवरवर उभं आहे त्याला ते पुरतात.

आकडे_आणि_मोजमाप

मान्य. हे माझ्या लिहिण्यातून सुटलं होतं. फिलाडेल्फियात ९२.५ वर एक्सटीयू १९८४ पासून कंट्रीच आहे, आणि ते शहर न्यू यॉर्कपासून फक्त दोन तासांवर. ईशान्येत कंट्री चालत नाही हे वाक्य माझ्या एजन्सीत सर्रास म्हटलं जायचं. मीही म्हणायचो. चूक होती ती.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मी चार वर्षं मनात धरून होते की इथल्या लोकांनी त्या गाण्यांना नाकारलं. तसं नव्हतं हे कळल्यावर बरं वाटलं, खरंच सांगते. काकांचा छापखाना तर डोळ्यांपुढून हलत नाही.

चाळणीबद्दल एक सांगते. २०२४ मध्ये बियॉन्सेचं गाणं बिलबोर्डच्या हॉट कंट्री साँग्ज यादीत पहिलं आलं. तिथवर पोचलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ती ह्यूस्टनची, म्हणजे माझ्या जुन्या राज्याची. माझ्या ऑफिसात ब्रुकलिनच्या दोन मुली आहेत, त्यांनी त्या वेळी पहिल्यांदा मला विचारलं, तू हे आधीपासून ऐकतेस ना, अजून काय ऐकू? मी त्यांना यादी करून दिली. सगळ्यात वर चार्ली प्राइड लिहिला होता.

आणखी एक शोध लागला. शनिवारी गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेकडे निघाले होते. ड्रिस्कॉल पूल ओलांडल्यावर बटण फिरवत राहिले तर १०६.३ वर खरखरीतून स्टील गिटार आली. किनाऱ्याकडचं छोटं स्टेशन आहे, थंडर १०६. घराकडे नीट लागत नाही. पुलाच्या पलीकडे लागतं.

काका, एक विचारायचं होतं. ती १९८७ ची कॅसेट अजून आहे का?

जॅक्सन_हाइट्स_७४

आहे. बायकोच्या लिखाणात वर तारीख आहे. फीत एका जागी सुरकुतलीय, रे प्राइसच्या गाण्याच्या थोडी आधी, तिथे आवाज बुडतो आणि परत वर येतो. नातू पुढच्या महिन्यात येणार आहे, तो ती संगणकावर घेऊन देईन म्हणालाय. झालं की इथेच कळवतो.